रद्दीत जाण्याआधी

अकोल्यातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात विद्यार्थ्यांनी मांडलेलं चळवळींचं प्रदर्शन परवा पाहिलं. पहिल्या टेबलावर अमेरिकेतली ब्लॅक पँथर. ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ती १९६६ साली ओकलंडला काढली. दोघंही एकाच कॉलेजात भेटलेले. शेजारी मुंबईची १९७२ ची दलित पँथर. नाव तिथूनच घेतलेलं. पण हे नातं त्याहून जुनं. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी युनोकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या.

पुढचं टेबल नामांतराचं. जुलै १९७८ मध्ये विधिमंडळानं ठराव केला, मराठवाड्यात दलितांच्या वस्त्या जळाल्या. विद्यापीठाला नाव मिळालं १४ जानेवारी १९९४ रोजी. या साडेपंधरा वर्षांचं टेबल जवळजवळ रिकामंच होतं. कारण साधं आहे. ग्रंथालयाच्या दाखल-वहीत पुस्तकाला क्रमांक मिळतो, पत्रकाला नाही. चळवळ मात्र चालते पत्रकांवर.

टेबलावर मुलांनी चिठ्ठी ठेवली होती : ‘घरी काही असेल तर आणा.’

घरी येऊन मी माळ्यावरची पेटी उतरवली. कागदांना कसर लागली होती, टाचण्या गंजल्या होत्या. अक्षरं अजून वाचता येत होती. तुमच्याही माळ्यावर एकदा पाहा.