धोत्रा, फवारणी आणि मूत्राशयाचा स्नायू

कपाशीवर फवारणी सुरू झाली की जळगाव-धुळ्याच्या दवाखान्यांत विषबाधेचे रुग्ण येऊ लागतात. ऑर्गनोफॉस्फेट गटातले कीटकनाशक अंगात भिनले असेल तर तोंडातून लाळ गळते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लघवी आपोआप सुटते. डॉक्टर ॲट्रोपिन टोचतात आणि छातीतली घरघर थांबेपर्यंत मात्रा वाढवत नेतात. महादेवाला वाहतात त्या धोत्र्यातही ॲट्रोपिन असते. तो पोटात गेला तर सगळे उलटे: तोंडाला कोरड, बाहुल्या विस्फारलेल्या, लघवी तुंबलेली.

ही दोन विषे मूत्राशयाला अशी विरुद्ध दिशांना का ओढतात, हे कळायला शतकभर लागले.

1895 मध्ये केंब्रिजच्या लँग्ली आणि अँडरसन यांनी प्राण्यांच्या माकडहाडाजवळून निघणाऱ्या चेता उत्तेजित केल्या. मूत्राशय आकसले. ॲट्रोपिन देऊनही ते थोडेफार आकसतच राहिले, हे मात्र कोडेच राहिले. 1921 मध्ये ऑटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयावरच्या प्रयोगातून चेता आपला निरोप रसायनाच्या हाती धाडते हे दाखवले. ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलिन. काम झाले की एक विकर त्याचे लगेच तुकडे करते. ऑर्गनोफॉस्फेट नेमके त्या विकराला निकामी करते, म्हणून ॲसिटिलकोलिन साचते आणि स्नायू आकसतच राहतो. ॲट्रोपिन मात्र स्नायूवरच्या ॲसिटिलकोलिनच्या ग्राहकात, कुलपात भलती किल्ली अडकावी तसे, जाऊन बसते.

चेतांना हुकूम सुटतो तो मेंदूतून. 1925 मध्ये ब्रिटिश शल्यविशारद बॅरिंग्टन यांना मांजरांच्या मस्तिष्कस्तंभात लघवीचे केंद्र सापडले. साठवायचे की सोडायचे, हे तिथून ठरते.

लँग्लींचे कोडे सुटले 1970 च्या दशकात. पेशींना ऊर्जा पुरवणारे एटीपी निरोप्याचेही काम करते, असे जेफ्री बर्नस्टॉक यांनी मांडले, तेव्हा अनेकांनी त्यांची टर उडवली. पण ॲट्रोपिनला न जुमानणारे आकुंचन एटीपीमुळेच होत होते. निरोगी माणसात त्याचा वाटा नगण्य असतो, मूत्राशयाच्या काही आजारांत तो वाढतो.

पुढची पाळी ग्राहकांची. मूत्राशयात ॲसिटिलकोलिनच्या ग्राहकांपैकी एम2 संख्येने जास्त, पण आकुंचनाचा मुख्य भार एम3 वाहतो: तो चेतला की पेशीत कॅल्शियम वाढते आणि स्नायू आवळतो. 2000 मध्ये एम3 नसलेले उंदीर तयार केले गेले, तेव्हा त्यांची मूत्राशये फुगलेली आढळली. वारंवार लघवीची घाई होणाऱ्यांना दिली जाणारी ऑक्सिब्युटिनिनसारखी औषधे हेच ग्राहक अडवतात. त्यामुळे तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होतो. 2012 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले मिराबेग्रॉन मात्र बीटा-3 या वेगळ्या ग्राहकामार्फत स्नायू सैल करते. त्यात कोरड कमी, पण रक्तदाबावर लक्ष ठेवावे लागते.

2020 मध्ये शोध स्नायूकडून जाणिवेकडे वळला. मूत्राशय ताणले गेल्याची खबर पिझो2 हे प्रथिन देते, असे आर्डेम पटापुटियन यांच्या गटाने दाखवले. जन्मतःच हे प्रथिन नसलेल्या कित्येकांना लघवी लागल्याचे नीट कळत नाही, म्हणून ते ठरलेल्या वेळी उठून जातात.