विद्यार्थ्यांची डिजिटल कौशल्ये आणि सहकार्यवृत्ती

बजाजनगर ही वाळूज औद्योगिक परिसरातील कामगारवस्ती होय. वाळूजच्या वाहन कारखान्यात १९८५ पासून जुळणीसाखळीवर एकाचे काम दुसऱ्याच्या कामावर अवलंबून असते. या वस्तीतून महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्यांची संगणक साक्षरता मात्र वैयक्तिकच मोजली जाते. २००१ मध्ये सुरू झालेल्या एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र व्यक्तीला मिळते, गटाला नव्हे. गटप्रकल्पात अनेकदा एकजण टंकलेखन करतो व गुण सर्वांना मिळतात. त्यातून सहकार्याविषयी अविश्वास निर्माण होतो. २००३ पासूनच्या मराठी विकिपीडियावर प्रत्येक संपादनाची नोंद 'इतिहासा'त राहते व मतभेद चर्चापानावर मांडता येतात. सामायिक दस्तऐवजातही बदलांचा इतिहास पाहता येतो. प्राध्यापकांनी अंतिम प्रतीसोबत तोही तपासल्यास श्रेयाची वाटणी अधिक न्याय्य होईल.