वीज घंटागाडीतच ठरते

दिल्लीत तिमारपूरला १९८७ साली कचऱ्यापासून वीज करणारा प्रकल्प उभा राहिला. तंत्र डेन्मार्कचं, क्षमता रोज ३०० टन कचरा आणि पावणेचार मेगावॉट वीज. तो जेमतेम तीन आठवडे चालला. किलोमागे १,४६० किलोकॅलरी उष्णता मिळेल या हिशेबाने भट्टी बांधली होती. आलेल्या कचऱ्यात त्याच्या निम्मीच होती. भाजीची देठं, खरकटं, माती, राडारोडा! चुलीत ओलं लाकूड सारलेल्या कुणालाही हे कळेल. पाणी आटवण्यातच जाळ संपतो.

त्याच डेन्मार्कमध्ये, कोपनहेगनला, अमागर बाके हा प्रकल्प वर्षाला चार लाख टनांहून अधिक कचरा जाळतो. त्याच्या उतरत्या छतावर लोक स्कीइंग करतात, म्हणून त्याचे फोटो जगभर फिरले. मला मात्र महत्त्वाचे वाटतात ते जमिनीखालचे नळ. वाफेवर टर्बाइन फिरवून वीज काढली की उरलेली उष्णता गरम पाण्यातून घराघरांत जाते. व्हिएन्नातला स्पिटेलाउ प्रकल्पही शहराला अशीच ऊब पुरवतो. नुसती वीज काढली, तर कचऱ्यातल्या उष्णतेचा जेमतेम पाव हिस्सा हाती लागतो. आपल्या हवेत घरं तापवायला गिऱ्हाईक कुठलं? म्हणून युरोपचा हिशेब इथे जसाच्या तसा लागू होत नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. या भट्टीत सर्वांत चांगलं जळतं ते प्लास्टिक, आणि प्लास्टिक म्हणजे खनिज तेलच. त्यामुळे या विजेला सरसकट ‘हरित’ म्हणणं मला पटत नाही. डेन्मार्कनेच २०२० मध्ये कचरा जाळण्याची क्षमता ३० टक्क्यांनी घटवायचं ठरवलं. पुन्हा वापरता येईल ते आधी बाजूला काढायचं, कशालाच न लागणारं तेवढं जाळायचं, हाच क्रम योग्य.

आपल्या २०१६ च्या घनकचरा नियमांनीही हाच क्रम घालून दिला होता. पुनर्वापर न होणारा, पण किलोमागे १,५०० किलोकॅलरी देणारा कचरा डेपोत पुरायचा नाही, त्यापासून ऊर्जाच करायची. पिंपरी-चिंचवडच्या मोशी डेपोवर २०२३ मध्ये १४ मेगावॉटचा प्रकल्प सुरू झाला. तिथल्या भट्टीला कोरडा कचरा हवा. तेव्हा उद्या घंटागाडी दारात आली की चहाचा चोथा, साली आणि उरलेला भात ओल्याच्या डब्यातच द्या. सुक्यात नको.