आपल्याच मतदारांना घरी बसवणारी भाषणे

लाशोन हाराने तिघांचे नुकसान होते, असे आपले हाखाम सांगत आले: ज्याच्याविषयी बोलले जाते त्याचे, ऐकणाऱ्याचे आणि बोलणाऱ्याचेही. पहिल्याचे नुकसान सहज समजते. बोलणाऱ्याचे कसे होते, ते अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात दिसले. (आपल्या शेजारचे ग्रुझिनी लोक ज्या देशातून आले, तो जॉर्जिया वेगळा.)

नोव्हेंबर २०२० मध्ये अध्यक्षपदाच्या निवडणुकीत या राज्यात डोनाल्ड ट्रम्प सुमारे १२ हजार मतांनी मागे पडले. एकूण मते जवळजवळ ५० लाख. फरक इतका थोडा, म्हणून सर्व मतपत्रिका पुन्हा हाताने मोजल्या, नंतर आणखी एकदा यंत्राने. निकाल बदलला नाही. राज्याचे निवडणूक प्रमुख ब्रॅड रॅफेन्सपर्गर हे ट्रम्प यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे. तरीही निवडणूक चोरीला गेली, असे ट्रम्प सांगत राहिले. रॅफेन्सपर्गर यांच्या घरी धमक्या येऊ लागल्या. १ डिसेंबरला त्यांच्या कचेरीतले गॅब्रिएल स्टर्लिंग, तेही रिपब्लिकनच, यांनी जाहीरपणे विनवले की हे थांबवा, नाहीतर कोणाचा तरी जीव जाईल.

त्याच राज्यात सिनेटच्या दोन जागांची निवडणूक अजून बाकी होती. कोणालाच निम्म्याहून जास्त मते न मिळाल्यामुळे ५ जानेवारी २०२१ रोजी पुन्हा मतदान होणार होते. दोनांपैकी एक जागा जिंकली असती, तरी सिनेट रिपब्लिकनांच्या हाती राहिले असते. ट्रम्प प्रचाराला आले. मत द्या, असे ते सांगत, आणि त्याच सभेत मते चोरली जातात, असेही सांगत. त्यांच्या बाजूच्या काही वकिलांनी तर मतदानालाच जाऊ नका, असे सांगितले. मत मोजलेच जाणार नसेल, तर थंडीत रांगेत कोण उभा राहील?

फेरमतदानाला गर्दी कमी होते, हे खरे. पण ती दोन्हीकडे सारखी कमी झाली नाही. रिपब्लिकन उमेदवार डेव्हिड पर्ड्यू यांना नोव्हेंबरपेक्षा जवळजवळ अडीच लाख मते कमी पडली, त्यांच्यासमोरील जॉन ऑसॉफ यांना सुमारे एक लाख. नोव्हेंबरात ८८ हजारांनी पुढे असलेले पर्ड्यू ५५ हजारांनी हरले. दुसरी जागाही गेली. सिनेटमध्ये दोन्ही पक्ष ५०-५० झाले आणि निर्णायक मत उपाध्यक्ष कमला हॅरिस यांच्याकडे गेले. सगळा दोष भाषणांचा, असे आम्ही म्हणणार नाही. डेमोक्रॅटांनीही घरोघर फिरून खूप काम केले होते. पण आपल्याच माणसांच्या मनात मतपेटीविषयी संशय पेरला, तर त्याचे पीक आपल्याच शेतात उगवते.

दुसऱ्या दिवशी, ६ जानेवारीला, ट्रम्प यांचे भाषण ऐकलेला जमाव वॉशिंग्टनच्या संसदभवनात घुसला. त्या गोंधळात ऑसॉफ यांच्या विजयाची बातमी मागे पडली. जॉर्जियातून निवडून आलेले ते पहिले यहुदी सिनेटर. २० जानेवारीला त्याच इमारतीत त्यांनी शपथ घेतली. हात ठेवला तो रब्बी जेकब रॉथशाइल्ड यांच्या हिब्रू धर्मग्रंथावर. या रब्बींच्या अटलांटातील सिनेगॉगवर १९५८ मध्ये बॉम्बहल्ला झाला होता.