विलायतेचा जमाखर्च

विलायतेच्या प्रवासावर लिहिणारी मंडळी वाचकाला थेम्सच्या पुलावर उभी करतात, बिग बेनचे टोल ऐकवतात, आणि तिथे पोचायला व राहायला काय पडले हे सांगायचे मात्र राहून जाते. पैशाचे बोलणे आपल्या घरांतून जरा हलके समजले जाते, त्याचा हा परिणाम असावा. माझी सारी हयात हिशेबाच्या खात्यात गेली असल्यामुळे मला तो संकोच नाही. २०२४ च्या जुलैत आम्ही उभयता आठ रात्री लंडनला राहून आलो. त्या प्रवासाचा जमाखर्च येथे मांडतो. ज्यांचा जाण्याचा विचार आहे त्यांना तो उपयोगी पडेल; ज्यांचा नाही त्यांची थोडी करमणूक होईल.

प्रथम जमेची बाजू. रक्कम होती तीन लाख पंचवीस हजार रुपये, आणि ती माझी नव्हती. सौ.ने एकतीस वर्षे शाळेत इंग्रजी शिकवले. त्या पगारातून तिने पोस्टात घेतलेली बचतपत्रे मुदत भरून हाती आली, तीच ही रक्कम. नेमक्या त्याच सुमारास दांडिया बाजारातील आमच्या जुन्या घराचे छप्पर दुरुस्त करण्याचा अंदाज कंत्राटदाराने तीन लाखांचा दिला. दोन्ही आकडे इतके शेजारी-शेजारी आले की आमच्या आप्तेष्टांना त्यात ईश्वरी संकेत दिसू लागला.

माझी वडील बहीण मुद्दाम घरी आली आणि म्हणाली, "अगं, डोक्यावरचं छप्पर गळतंय आणि तू विलायतेला निघालीस?"

सौ. शांतपणे म्हणाली, "वन्सं, छप्पर पंधरा वर्षं गळतंय. माझे गुडघे आणखी पंधरा वर्षं थांबायचे नाहीत."

गुडघ्यांवर शस्त्रक्रिया करावी लागणार हे डॉक्टरांनी सांगून ठेवले होते. चिरंजीवांनी पैसे देऊ केले, तेही तिने घेतले नाहीत. एकतीस वर्षे शेक्सपियरच्या नाटकांतल्या गोष्टी मुलांना सांगितल्या, आता त्यांतले एखादे नाटक त्याच्या गावात जाऊन, आपल्या पैशाने पाहायचे, एवढाच तिचा हट्ट होता. आगरकरांनी १८८३ साली 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' केले तेव्हापासून हा गृहस्थ आपल्या मराठी घरांत येऊन-जाऊन आहे. त्याच्याकडे परतभेटीला जायला कोणीतरी हवेच होते.

आता खर्चाची बाजू. अंदाजपत्रक करताना मोठ्या रकमा आधी लिहाव्यात, हा आमच्या खात्याचा जुना नियम. चहाच्या पेल्यावर दोन पौंड वाचवण्याची चर्चा करणारा माणूस विमानाच्या तिकिटात वीस हजार घालवून बसतो. लंडनच्या शाळांना जुलैच्या उत्तरार्धात सुट्टी लागते आणि भाडी चढतात. म्हणून आम्ही महिन्याच्या आरंभीच्या तारखा धरल्या आणि मार्च महिन्यातच तिकिटे काढली. मुंबईहून वाटेत एक विमान बदलून, जाऊन-येऊन माणशी ६२ हजार. दोघांचे एक लाख चोवीस हजार.

प्रवेशपरवान्याचे शुल्क तेव्हा माणशी ११५ पौंड होते. २०२५ च्या एप्रिलपासून ते १२७ झाले, आणि अशा शुल्कांचा स्वभाव वाढण्याचाच असतो हे धरून चालावे. पौंड त्या दिवसांत १०७ रुपयांच्या आसपास होता. विमा आणि अहमदाबादच्या खेपा धरून ही बाब ३४ हजारांवर गेली. या परवान्यासाठी बँकेतली शिल्लक दाखवावी लागते. आपण खर्च करायला चाललो आहोत आणि तो करण्याची ऐपत आहे, याचा पुरावा आधी द्यायचा. लग्नाच्या बैठकीत मुलाकडची मंडळी जशी चौकशी करीत, तसाच हा प्रकार.

तिसरी आणि सर्वांत अवघड बाब म्हणजे जागा. लंडनला अन्न परवडते, फिरणे परवडते. रात्री पाठ टेकायला चार भिंती मिळवताना मात्र घाम फुटतो. मध्यवस्तीतल्या साध्या हॉटेलांचे दर पाहून मी दोन दिवस वही उघडली नाही. मग एक तोड सापडली. तिथली विद्यापीठे उन्हाळ्याच्या सुट्टीत विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांतील खोल्या प्रवाशांना भाड्याने देतात. ब्लूम्सबरी भागात अशी एक खोली रोजच्या ८४ पौंडांत मिळाली. दोन अरुंद खाटा, एक टेबल, आणि खिडकीखाली एक पिंपळासारखे भासणारे झाड. आठ रात्रींचे ६७२ पौंड, म्हणजे सुमारे ७२ हजार रुपये. वसतिगृहात सामाईक स्वयंपाकघर होते. त्याचा उपयोग पुढे येईल.

जागेचा विषय निघाला की बडोदेकराला एका नावाची आठवण व्हायलाच हवी. १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या सरकारने भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणाला अमेरिकेत शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. पौंड तेव्हा पंधरा रुपयांचा होता. १९१६ साली ते न्यूयॉर्कहून लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून परतले आणि करारानुसार बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. त्या वेळी ज्या शहराने त्यांना सातासमुद्रापार धाडले होते, त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशांच्या विश्रामगृहातून बाहेर काढले गेल्यावर ते आपल्या कमाठीबागेत एका झाडाखाली बसले होते, ही हकीकत सर्वश्रुत आहे. आपल्यापैकी अनेकांची घरे त्या काळी याच गावात होती, आणि त्यांत खोल्याही होत्या.

पुढे १९२० साली ते पदरची शिल्लक आणि स्नेह्यांचे साहाय्य घेऊन पुन्हा लंडनला गेले. त्यांचे चरित्रकार धनंजय कीर यांनी त्या दिवसांतला आहार नोंदवला आहे: सकाळी पावाचा तुकडा आणि पेलाभर पेय, रात्री भूक लागली की एका परिचिताने दिलेले पापड. दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात वाचन. एवढ्या अंदाजपत्रकात त्यांनी एम. एस्सी., बॅरिस्टरी आणि डी. एस्सी. या तिन्ही पदव्या मिळवल्या. १९२१-२२ साली ते जिथे राहिले ते किंग हेन्रीज रोडवरचे १० क्रमांकाचे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले. तिथे आता त्यांचे स्मारक आहे. आम्ही तिथे गेलो तेव्हा सौ. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आपण आठ दिवसांच्या खोलीची एवढी चर्चा केली." मी वही खिशातून काढलीच नाही.

फिरण्याची बाब मात्र आनंद देणारी. विमानतळावरून शहरात यायला झटपट गाडी आहे. ती पंधरा मिनिटांत पोचवते आणि तेव्हा पंचवीस पौंड घेत असे. भुयारी रेल्वेची पिकॅडिली मार्गावरची गाडी तासभर घेते, आणि पैसे तेव्हा साडेपाच पौंडांच्या आसपास पडत. पाऊण तासाला वीस पौंड मिळत असतील, तर माझ्यासारख्या निवृत्ताने तो व्यवहार सोडू नये. लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे चालत नाहीत. ऑयस्टर नावाचे एक निळे कार्ड घ्यावे लागते. ते आम्हाला सात पौंडांना पडले. बँकेचे कार्डही चालते, पण आपल्याकडच्या बहुतेक कार्डांवर परकीय चलनाचा अधिभार बसतो, हे ध्यानात ठेवावे. बसचे भाडे तेव्हा १ पौंड ७५ पेन्स होते, आणि एकदा चढल्यावर तासाभरात कितीही बसगाड्या बदलल्या तरी दुसरे भाडे पडत नव्हते. दिवसाचे भाडे सव्वापाच पौंड झाले की पुढचा प्रवास फुकट असे. दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर पुढचे बाक मिळाले की सहलीच्या महागड्या गाड्यांचे काही काम उरत नाही. विमानतळासकट या बाबीला १३ हजार पुरले.

खाण्याला दोघांचे मिळून रोज ३० पौंड लावले होते. सकाळचा चहा-उपमा वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात. रवा आणि मेतकूट बरोबर नेले होते. दुपारी दुकानातला पाव-भाजीचा तयार डबा, फळ आणि पेय मिळून चार पौंडांच्या आसपास, तो बागेतल्या बाकावर बसून खायचा. संध्याकाळी कधी युस्टन स्थानकामागच्या ड्रमंड स्ट्रीटवर जायचे. तिथे डोसा आणि भेळपुरी देणाऱ्या शाकाहारी खाणावळी आहेत. नळाचे पाणी निर्धास्त प्यावे. बाटली विकत घेणे म्हणजे थेम्सकाठी राहून पाण्याला पैसे मोजणे.

एक सूचना विशेष महत्त्वाची. पहिल्या दिवशी मी प्रत्येक वस्तूला १०७ ने गुणत होतो. चहाचा पेला ३२१ रुपयांचा निघाला आणि तो घशाखाली उतरेना. सौ.ने नियम घातला: "अहो, गुणाकार रात्री खोलीवर. दिवसा नाही." प्रवाशांनी हा नियम पाळावा. रात्री केलेल्या गुणाकाराने झोप उडते खरी, पण दिवस वाया जात नाही.

आता जे फुकट मिळाले त्याविषयी. ब्रिटिश म्युझियम १७५९ साली लोकांना खुले झाले. आजही दाराशी प्रवेशमूल्य नाही. इजिप्तच्या लिपीचे कोडे सोडवणारा रोझेटा शिलालेख आणि अमरावतीच्या स्तूपावरची शिल्पे एकाच इमारतीत पाहता येतात. आपली वस्तू परक्या घरात, पण विनामूल्य पाहताना मनात जे येते त्याचा हिशेब कोणत्या रकान्यात लिहावा हे मला सुचले नाही. ट्रॅफल्गर चौकातली नॅशनल गॅलरीही अशीच खुली. तिथे आम्हाला फारसे परके वाटले नाही. आपल्या कमाठीबागेतल्या संग्रहालयाशेजारी महाराजांनी युरोपीय चित्रांची गॅलरी बांधली. पहिल्या महायुद्धामुळे चित्रे यायला उशीर झाला आणि ती १९२१ साली उघडली. लहानपणी तिथे तैलचित्रांपुढे उभे राहिलेल्या बडोदेकराला चित्रापासून किती हात मागे सरायचे हे शिकवावे लागत नाही. सेंट पॉल आणि वेस्टमिन्स्टर या मंदिरांना दिवसा मोठे प्रवेशमूल्य आहे, पण सायंप्रार्थनेला येणाऱ्याकडून काही घेत नाहीत. आम्ही मागच्या बाकावर बसून मुलांचे सुरेल गायन ऐकले, आणि पेटीत आपखुशीने दोन पौंड टाकले.

शेवटी नाटक, ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप. शेक्सपियरच्या काळातल्या ग्लोब नाट्यगृहाची प्रतिकृती थेम्सच्या दक्षिण तीरावर १९९७ साली उघडली. मधल्या उघड्या अंगणात उभे राहून नाटक पाहायचे असेल तर तिकीट अगदी थोड्या पौंडांत मिळते. तिथे खाली बसू देत नाहीत, आणि पाऊस आला तरी छत्री उघडू देत नाहीत. माझ्या अंदाजपत्रकात ही स्वस्त तिकिटे होती आणि त्याच पानावर टॉवर ऑफ लंडनही होता, कारण तिथे कोहिनूर आहे. टॉवरचे तिकीट माणशी तीस पौंडांहून अधिक. सज्जातल्या बाकावरच्या दोन जागाही साठ पौंडांना होत्या. दोन्ही बसत नव्हते.

सौ.ने पेन्सिल घेऊन कोहिनूरवर काट मारली. म्हणाली, "तो काही आपल्याला परत द्यायचे नाहीत. मग लांबून बघून जीव कशाला जाळायचा? मला तीन तास बसून नाटक बघू दे."

चाळीस वर्षांत घरच्या अंदाजपत्रकात जेव्हा-जेव्हा काटछाट झाली तेव्हा ती तिच्या रकान्यात झाली. तिची साडी पुढच्या दिवाळीवर गेली, तिचे चारधाम राहून गेले, आणि मी त्या वह्यांवर दर साल नेटकी सही केली. त्या पेन्सिलीच्या रेघेला माझी हरकत असण्याचे काही कारण नव्हते.

बाक लाकडी, पाठ नसलेले. चार पौंड भाड्याने दोन उशा घेतल्या. ग्लोबचे छप्पर गवताचे आहे. १६६६ च्या मोठ्या आगीनंतर लंडनात असे छप्पर घालू दिले ते प्रथम याच इमारतीला. ते सज्जांवर आहे, अंगणावर नाही. पहिल्या अंकातच पावसाची सर आली. अंगणातली तरुण मंडळी कोणी कुरकुर न करता भिजत उभी राहिली, आणि नट त्यांच्याकडे पाहून संवाद म्हणत राहिले. खेळ सुखांतिकेचा होता. पुढच्या वाक्याला हशा येणार हे सौ.ला आधी कळत होते आणि ती प्रेक्षकांच्या अर्धा क्षण आधी हसत होती. मध्यंतरात माझ्याकडे वळून म्हणाली, "वन्संना कळवा. इथंही छप्पर अर्धंच आहे."

परतल्यावर वही पुरी केली. अडीअडचणीसाठी सुमारे ३५ हजार राखून ठेवले होते. त्यांतले काही औषधांत आणि एका रेनकोटात गेले. २१ हजार ४०० रुपये शिल्लक राहिले. तेवढ्यात निदान स्वयंपाकघरावरची कौले बदलून झाली. माजघर अजून गळते. सौ.ची शस्त्रक्रिया दिवाळीनंतर झाली, आणि तिच्या उशाशी नाटकाची दोन फाटकी तिकिटे पुस्तकात खुणेला ठेवलेली असतात.