न विचारता बसणारे विंडोज : कारागिराने घ्यायची खबरदारी

संगणक दुरुस्तीचा धंदा आता शहरापुरता राहिलेला नाही. केडगावसारख्या रेल्वे स्टेशनच्या गावातही कांद्याची आडत, गुऱ्हाळाचा हिशेब, औषधाचे दुकान, झेरॉक्स, संगणक वर्ग अशा जागोजागी यंत्रे आहेत. ती बिघडली की आपल्यापैकीच एखादा तरुण पिशवीत पेनड्राइव्ह टाकून धावतो. विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. त्यामुळे यंत्रे पुसून नवे विंडोज टाकून देण्याचे काम वाढले आहे. या कामातील एक सोयीची आणि तितकीच धोक्याची पद्धत आज आम्ही वाचक बंधूंपुढे मांडत आहोत.

विंडोज टाकताना यंत्र सारखे काहीतरी विचारते. भाषा कोणती, परवान्याची अट मान्य आहे का, कोणत्या डिस्कवर टाकू, नाव काय, पासवर्ड काय. एका यंत्रापुरते ठीक आहे. वर्गातील दहा यंत्रे असली की सारा दिवस त्यात जातो. म्हणून सगळी उत्तरे आधीच एका फायलीत लिहून पेनड्राइव्हवर ठेवायची सोय कंपनीनेच दिली आहे. विंडोज ९५ च्या काळातही ती होती. २००७ साली बाजारात आलेल्या व्हिस्टापासून ही फाइल एक्स-एम-एल पद्धतीने लिहितात. तिचे नाव ऑटोअनअटेंड, पुढे टिंब आणि एक्स-एम-एल. पेनड्राइव्ह लावा, यंत्र चालू करा आणि चहा घेऊन या. परत येईपर्यंत विंडोज बसलेले असते.

आमच्या हातून झालेली चूक

दुसऱ्यांना शहाणपण सांगण्याआधी आमची चूक सांगतो. एका संगणक वर्गाची यंत्रे आम्ही अशाच पेनड्राइव्हने एका दिवसात तयार करून दिली. दुसऱ्या दिवशी एका आडत्याच्या दुकानात छापणी यंत्राची तक्रार होती म्हणून गेलो. तोच पेनड्राइव्ह यंत्राला लावला, त्यातला ड्रायव्हर टाकला आणि यंत्र बंद करून पुन्हा चालू केले. पेनड्राइव्ह काढायचा राहिला. त्या यंत्रात आधी पेनड्राइव्हवरून सुरू होण्याची मांडणी होती. पडद्यावर निळा रंग दिसला तेव्हा डिस्क पुसून झाली होती.

आम्ही विचारले, "चाचा, बॅकअप कुठे ठेवलाय?"

ते म्हणाले, "कसला बॅकअप, बेटा? यंत्राचं सगळं तूच बघतोस ना?"

तीन वर्षांचा हिशेब त्या डिस्कवर होता. टॅलीची माहिती अनेक दुकानांत सी ड्राइव्हवरच पडलेली असते, तशीच इथेही होती. त्यांच्या मुनीमजींनी रोजमेळ कागदावरही ठेवला होता, म्हणून अब्रू वाचली. आम्ही महिनाभर रोज दुकान बंद झाल्यावर तिथे बसून त्या वह्यांवरून नोंदी पुन्हा भरल्या. मजुरी अर्थातच घेतली नाही. चाचांनी एक शब्दही वाकडा बोलला नाही, आणि तेच आम्हाला जास्त लागले.

त्या दिवसापासून आमचा नियम आहे : सगळी उत्तरे आधी लिहा, पण डिस्क पुसण्याचे उत्तर फायलीत लिहू नका. डिस्कचा भाग फायलीतून वगळला की विंडोज त्या जागी थांबते आणि विचारते. दोन मिनिटे जातात, पण पुसण्याचा निर्णय माणसाच्या हातात राहतो. एका यंत्रात दोन डिस्क असतील तर 'शून्य क्रमांकाची डिस्क' म्हणजे आपल्याला वाटते तीच असेल, याचीही खात्री नसते. म्हणून आकार पाहून ओळखावी. शिवाय असा पेनड्राइव्ह वेगळ्या रंगाचा ठेवावा आणि दुसऱ्या कोणत्याही कामाला वापरू नये.

फाइल लिहूनही यंत्र विचारत राहिले तर

पहिला दोष बहुधा नावाचा असतो. नोटपॅडमध्ये फाइल साठवताना शेवटी टी-एक्स-टी हे शेपूट लागते आणि विंडोज ते दाखवत नाही. फाइल बरोबर दिसते, पण यंत्राला ती सापडत नाही. फायलींची शेपटे दिसतील अशी मांडणी करून नाव तपासावे. फाइल पेनड्राइव्हच्या सर्वांत वरच्या पातळीवर हवी, एखाद्या फोल्डरच्या आत नको.

दुसरा दोष जातीचा. यंत्र चौसष्ट बिटचे आणि फायलीतील भाग बत्तीस बिटसाठी लिहिलेला असला तर तो भाग मुकाट्याने वगळला जातो. इंटेलच्या यंत्रासाठीसुद्धा तिथे 'एएमडी६४' असेच लिहावे लागते. याने पुष्कळजण फसतात.

तिसरा दोष किल्लीचा. फायलीतील किल्ली प्रोची आणि पेनड्राइव्हवर फक्त होम आवृत्ती असली तर परवान्याच्या अटी सापडत नाहीत असा संदेश येऊन काम थांबते. किल्ली आणि आवृत्ती यांचा मेळ बसवावा. आणि किल्ली विकत घेतलेलीच असावी. ग्राहकाला पावती देणाऱ्या माणसाने चोरीचा माल भरून देऊ नये.

चौथा दोष डिस्कचा. अलीकडच्या इंटेल लॅपटॉपांत काही वेळा डिस्कच दिसत नाही. अशा वेळी डिस्क खराब झाली असे ग्राहकाला सांगू नये. बहुधा इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर हवा असतो. तो लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून घेऊन पेनड्राइव्हवर ठेवावा.

यंत्र स्वतःचा रोजमेळ लिहिते

पुष्कळ कारागीर अडले की पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. तीनदा तेच करतात आणि चौथ्यांदा पेनड्राइव्हला दोष देतात. वास्तविक विंडोज प्रत्येक पावलाची नोंद ठेवत असते. काम अर्ध्यात थांबले तर शिफ्ट आणि एफ-१० ही बटणे एकदम दाबावीत. काळी खिडकी उघडते. तिच्यात नोटपॅड असे लिहिले की नोटपॅड उघडते. एक्स ड्राइव्हवरील विंडोज फोल्डरात पँथर नावाचा फोल्डर असतो. त्यात सेटअप-अ‍ॅक्ट आणि सेटअप-एरर अशा दोन नोंदवह्या सापडतात. दुसरी लहान असते आणि तिच्यात फक्त चुका असतात. ती आधी वाचावी. काम पुढच्या टप्प्यात अडले असेल तर याच वह्या सी ड्राइव्हवरील विंडोजच्या पँथर फोल्डरात मिळतात. त्या पेनड्राइव्हवर उतरवून घेऊन निवांत वाचता येतात.

व्यापाऱ्याचा ताळा जुळत नसेल तर तो नवी वही घालत नाही, जुनी वही तपासतो. कारागिरानेही तेच करावे.

गुपचूप बसणारी सॉफ्टवेअर

विंडोज बसल्यावर पुढचा पल्ला ब्राउझर, पीडीएफ वाचक, ऑफिस, हिशेबाचे सॉफ्टवेअर यांचा. तीही न विचारता बसवता येतात. सेटअप फायलीच्या नावापुढे तिरपी रेघ देऊन एक खूण लिहायची असते. मात्र ही खूण प्रत्येकाची वेगळी. एम-एस-आय फायलीला 'क्यू-एन' लागते. काही सेटअपना फक्त 'एस' लागतो, आणि तोही मोठ्या लिपीतला. काहींना 'व्हेरीसायलेंट' असा पूर्ण शब्द लागतो. चुकीची खूण दिली की सेटअप आतल्या आत एखादा प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहत राहते. पडद्यावर मात्र काहीच दिसत नाही. म्हणून प्रत्येक सेटअप आधी एकदा हाताने, एका यंत्रावर तपासावे.

काम संपल्यावर सेटअप एक आकडा देते. एम-एस-आयचे आकडे पाठ असावेत. शून्य म्हणजे काम झाले. ३०१० म्हणजेही काम झाले, फक्त यंत्र बंद करून चालू करायचे आहे. याला चूक समजून पुन्हा बसवत बसू नये. १६१८ म्हणजे दुसरे एखादे सॉफ्टवेअर बसत आहे, थांबा. म्हणून एक संपल्यावरच दुसरे सुरू होईल अशी आज्ञा लिहावी. १६०३ म्हणजे काम फसले. हा आकडा कारण सांगत नाही. सविस्तर नोंद ठेवण्याची आज्ञा देऊन पुन्हा चालवावे आणि त्या नोंदीत 'रिटर्न व्हॅल्यू ३' हे शब्द शोधावेत. खरे कारण बहुधा त्याच्या वरच्या काही ओळींत असते.

आणखी एक गोष्ट. विंडोज बसल्यावर आपोआप चालणारी सेटअप-कंप्लीट नावाची आज्ञा-फाइल अनेकजण वापरतात. लॅपटॉपसोबत कंपनीचीच किल्ली आलेली असेल तर होम आणि प्रो आवृत्तीत ही फाइल चालत नाही. त्यात आपला दोष नसतो, विंडोजची रचनाच तशी आहे. अशा वेळी त्याच आज्ञा उत्तरांच्या फायलीत, पहिल्या लॉगिनच्या भागात लिहाव्यात.

मराठीत काम करणाऱ्या ग्राहकांसाठी शेवटी एक तपासणी करावी. विंडोज १० पासून मंगल हा फॉन्ट मूळ संचात नसतो, जोड-सुविधांतून देवनागरीचे जादा फॉन्ट घ्यावे लागतात. ते न घेता यंत्र परत दिले तर ग्राहकाची जुनी बिले आणि अर्ज वेगळेच दिसू लागतात, आणि तो म्हणतो की तुम्ही माझी फाइल बिघडवली.

आधी एक प्रूफ

केडगावात पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचा छापखाना होता. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर तिथेच, मिशनमधील बायकांनी खिळे जुळवून छापले. छापखान्यातल्या माणसाला एक गोष्ट सांगावी लागत नाही : खिळा उलटा बसला तर तो प्रत्येक प्रतीत उलटा उमटणार. म्हणून आधी एक प्रूफ काढायचे, वाचायचे आणि मगच गठ्ठा छापायचा.

हा नियम मोठ्यांनाही चुकला आहे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल जगभरच्या यंत्रांवर आपोआप गेली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पडली. आपल्या देशात काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले पास द्यावे लागले. चूक एका फायलीची होती. मध्ये विचारणारे कोणी नव्हते, म्हणून ती सगळीकडे पोहोचली.

तेव्हा आपल्या तरुण कारागिरांना आमचे सांगणे एवढेच. ही पद्धत जरूर शिका, वेळ वाचतो आणि चार पैसे जास्त मिळतात. पण यंत्राला हात लावण्याआधी ग्राहकाची माहिती दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि ती उघडून पाहा. नवी फाइल आधी एका यंत्रावर चालवा, मग दहावर. ग्राहक यंत्र सोपवतो तेव्हा त्यासोबत त्याचा हिशेब आणि त्याची उधारीही सोपवतो. ती अमानत आहे. यंत्राने विचारले नाही, तरी आपण ग्राहकाला विचारलेच पाहिजे.