'बिलेटेड' आणि 'उशीर'

इंग्रजीतील 'बिलेटेड' या शब्दापाशी अनुवादक सहसा थांबत नाही. 'विलंबित' असे लिहून तो पुढे जातो. मीही पुष्कळ वर्षे तसेच करीत आले. परंतु या प्रतिशब्दात मूळ शब्दाचा प्राणच हरवतो, आणि तो ज्यात सापडावा असा शब्द आपण घरगुती म्हणून दूर ठेवतो, असे आता वाटू लागले आहे.

सतराव्या शतकात 'बिलेटेड' म्हणजे वाटेत रात्रीने गाठलेला. मिल्टनच्या 'पॅरडाइज लॉस्ट'मध्ये (१६६७) पहिल्या सर्गाच्या अखेरीस रानाच्या कडेला मध्यरात्री पऱ्यांचा खेळ पाहणारा, किंवा पाहिल्याचा भास होणारा, शेतकरी याच विशेषणाने येतो. त्याला 'विलंबित शेतकरी' म्हटले तर वाचक हसेल! मूळचा 'लेट' मात्र निराळा. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ मंद, सुस्त असा होता; 'थकलेला' या अर्थाचा लॅटिन 'लासुस' हा त्याचाच गोत्रज. तेथे दोष माणसाच्या पायांचा. 'बिलेटेड'मध्ये दोष मावळलेल्या दिवसाचा.

आता 'उशीर' पाहू. व्युत्पत्तिकार तो संस्कृत 'उत्सूर' शब्दापासून आणतात. त्यातील 'सूर' म्हणजे सूर्य. संस्कृत कोशांत 'उत्सूर' म्हणजे संध्याकाळ, सूर्य गेल्यानंतरची वेळ. पालीत मात्र हाच शब्द 'उस्सूर' होऊन सकाळकडे वळतो : दीघनिकायातील सिगालोवादसुत्तात माणसाच्या नाशाच्या कारणांत 'उस्सूरसेय्या', म्हणजे सूर्य वर आल्यावरही झोपून राहणे, सांगितली आहे. 'उत्' या उपसर्गाचे 'वर' आणि 'बाहेर' हे दोन्ही अर्थ येथे कामी आले असावेत. एकाच शब्दाने सकाळचा आळशी आणि संध्याकाळचा वाटसरू दोघांना पकडावे, ही गंमतच. ईकारापूर्वी 'स'चा 'श' होणे मराठीला नवे नाही. 'सीव्यति'पासून 'शिवणे' झालेच. पण 'ऊ'चा 'ई' का व्हावा, याचे नियमबद्ध उत्तर देता येत नाही.

(संस्कृतातला 'उशीर' म्हणजे वाळा, हे जाता जाता सांगितले पाहिजे. शाकुंतलाच्या तिसऱ्या अंकात त्याचाच लेप येतो, आणि दिल्लीच्या उन्हाळ्यात खसच्या टट्ट्यांना ज्याचा वास येतो तोही हाच. मराठी उशिराशी त्याचे नाते केवळ उच्चारापुरते.)

'विलंब' हा 'लंब्' धातूचा, आपल्या 'लोंबणे'चा आप्त. काम लोंबकळत राहिले की विलंब; म्हणून कार्यालयांनी 'विलंब शुल्क' लावावे हे न्याय्यच आहे. ख्यालातील विलंबित लय तर उशिरा येतच नाही, सावकाश चालते. याउलट 'मला उशीर झाला' या वाक्यात कर्ता उशीर आहे. मी चतुर्थीत, सोसणारी. विलंब आपण लावतो, उशीर आपल्याला होतो. व्याकरणाने राखलेला हा भेद भारदस्तपणाच्या हव्यासापायी अनुवादात आपण बुजवून टाकतो, आणि मग कथेतील आईदेखील मुलाला 'विलंब का झाला?' असे विचारू लागते.

मिल्टनच्या त्या शेतकऱ्याला मी आता 'परतायला उशीर झालेला' असे म्हणेन. आजचा वाचक 'उशीर' शब्दात मावळलेला सूर्य ऐकत नाही, ही अडचण मान्य आहे. पण आसपासच्याच शब्दांत रान आणि चंद्र आहेत. रात्र ते दाखवितात.